किलोमागे सहाशे रुपये कशाचे?

ज्याला जास्त सामान न्यायचं आहे त्याने जास्त पैसे भरावेत, एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी का उतरत नाही, असं विमान कंपन्यांची बाजू घेणारे हल्ली वैतागून विचारतात. त्यांचं म्हणणं असं, की तिकीट म्हणजे फक्त माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवण्याचे पैसे. सामान, जेवण, खिडकीजवळची जागा हे सगळं वेगळं. ज्याला हवं तो घेईल, ज्याला नको तो स्वस्तात जाईल. खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवून जाणाऱ्याने दुसऱ्याच्या बोचक्यांचा भार का सोसावा?

ऐकायला हे रास्त वाटतं. दुसऱ्याच्या पैशाने आपलं ओझं न्यावं, असं मलाही वाटत नाही. पण या युक्तिवादाला आकड्यांची कसोटी लावली की तो टिकत नाही. आणि असा न टिकणारा युक्तिवाद पुढे करून ज्यांच्याकडून पैसे काढले जातात त्यांत शहापूर आणि मुरबाड या माझ्या दोन तालुक्यांतली माणसं आहेत, म्हणून त्याला उत्तर द्यायचं.

शहापूर-मुरबाड म्हटलं की मुंबईकराला माहुलीचा किल्ला, भातसाचं धरण आणि माळशेजचा पाऊस आठवतो. तिथून विमानाने कोण जातं, असं त्याला वाटतं. जातात, आणि दरवर्षी जास्त जातात. खर्डी-आटगावची, किन्हवली-डोळखांबची, सरळगाव-धसई-टोकावड्याची पोरं आज बेंगळुरूला, हैदराबादला कामाला आहेत. कुणी आखातात आहे, कुणी फौजेत आहे. मुली नर्सिंग करून परराज्यांतल्या इस्पितळांत लागल्या आहेत. त्यांच्यामागे वर्षा-दोन वर्षांतून एकदा आईबाप जातात, सासूसासरे जातात, म्हातारी आजी जाते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठायचं, तिथून लोकल, मग मेट्रो नाहीतर रिक्षा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, म्हणून शिळफाट्याकडून जाण्याची एक वाट वाढली एवढंच. एवढा प्रवास करून विमानात बसणारा माणूस मौजेखातर ओझं उचलत नाही.

त्याच्या पिशवीत काय असतं ते मी अनेकदा भरताना पाहिलं आहे. हातसडीचा तांदूळ असतो, नागलीचं पीठ असतं. वाल, तूर, उडदाचे पापड. सुकट आणि बोंबील, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून, वरून सुतळीने बांधलेले. उन्हाळा असेल तर कैरीचं लोणचं, आंबोशी. लेक बाळंतपणाची असेल तर डिंकाचे लाडू, हळीव, आंबेहळद, आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. शेजारीण येते आणि तिच्या मुलासाठी एक डबा देऊन जाते, कारण तोही तिकडेच राहतो. नाही म्हणता येत नाही. या पिशवीची बाजारात फार किंमत होणार नाही. पण ती भरायला अख्खं घर आठवडाभर राबलेलं असतं.

माझी आत्या सरळगावच्या पुढच्या एका पाड्यात राहते. लेकीचं पहिलं बाळंतपण; पण मुलीची नोकरी आणि डॉक्टर दोन्ही बेंगळुरूला, म्हणून माहेर उचलून तिकडे नेणं आलं. घरात वजनकाटा नाही. भातगिरणीतल्या काट्यावर पिशवी ठेवून पाहिली, तर काटा सतरा-अठराच्या मध्ये थांबला. तिकिटावर पंधरा किलो लिहिलेलं होतं. दोन-तीन किलोला कोण अडवतंय, असं सगळेच म्हणाले. मग ऐनवेळी आणखी दोन पुड्या आत गेल्या. विमानतळावर आकडा उजळला तो एकोणीसच्या वर. काउंटरवरची मुलगी अदबीने बोलली, "आजी, चार किलो जास्त आहे." आत्या म्हणाली, "बाय, त्यात माझं काय नाय, लेकीचं हाय सगलं." चार किलोचे करासकट अडीच हजार सांगितले. आम्ही सोडायला गेलेलो काचेच्या बाहेर. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे परत न्यायला हाताशी कुणी नाही. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, ते सुरक्षा तपासणीत काढून घेतात. मागे रांग वाढत होती. तिने तिथेच खाली बसून पिशवी सोडली, तांदूळ बाहेर काढला आणि झाडणाऱ्या बाईच्या हातात दिला. पहिल्या पावसापासून स्वतः लावलेला, कापलेला, झोडलेला, कांडलेला तांदूळ. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कुठल्याही कंपनीच्या काउंटरवर याहून वेगळं घडलं नसतं. त्या मुलीविषयीही माझी तक्रार नाही, नियम तिने केलेला नाही. माझी तक्रार त्या सहाशे रुपयांविषयी आहे.

देशांतर्गत विमानात आज ठरलेल्या वजनाच्या वर गेलात, तर काउंटरवर किलोमागे सहाशे रुपयांच्या घरात पैसे पडतात, वर कर. जितकं वापराल तितकं भरा, हे तत्त्व खरोखर पाळायचं ठरवलं तर काय व्हावं? ज्याच्याकडे काहीच सामान नाही, त्याने आपल्या वाट्याचे पंधरा किलो कंपनीला परत दिले. किलोला सहाशे ही वजनाची खरी किंमत असेल, तर त्याला नऊ हजार रुपये परत मिळायला हवेत. मुंबई-बेंगळुरूचं अख्खं तिकीट कितीतरी वेळा त्याहून कमी असतं. म्हणजे कंपनीने त्याला फुकट न्यावं आणि वर पैसे द्यावेत! अर्थात तसं कुणी देत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२१ मध्ये फक्त हातसामान घेऊन जाणाऱ्याला तिकिटात सवलत द्यायची मुभा कंपन्यांना दिली. तशी 'लाइट' तिकिटं निघालीसुद्धा. त्यांतली सूट आणि काउंटरवरचा दर शेजारी शेजारी ठेवून पाहा. तोच किलो प्रवासी सोडतो तेव्हा मातीमोल, आणि प्रवासी मागतो तेव्हा सोन्याच्या भावाचा. वापराप्रमाणे आकारणी याला म्हणत नाहीत.

मग इंधनाचं कारण पुढे येतं. वजन वाढलं की इंधन जास्त जळतं, हे खरंच आहे. किती जळतं, ते कुणी सांगत नाही. विमान चालवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की जादा वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के इंधन दर तासाला जास्त लागतं. पाच किलो जास्त असतील आणि दोन तासांचा प्रवास असेल, तर चार टक्के धरूनही चारशे ग्रॅम इंधन होतं. म्हणजे अर्धा लिटर. विमानाच्या इंधनाचा भाव लिटरला शंभर रुपये धरला, तर पन्नास रुपये. त्यात पिशवी उचलणाऱ्याची मजुरी घाला, पट्टा घाला, विमानतळाचा आकार घाला, धंद्याचा नफा घाला. दसपट करा. पाचशे झाले, तेही पाचही किलो मिळून. घेतले जातात तीन हजार.

हा हिशेब कुणाला पुस्तकी वाटत असेल तर त्याने आमच्या शिवारात यावं. भात निघालं की मुरबाड-शहापूरच्या शेतांत भेंडी लागते. तांबडं फुटायच्या आत बायका हातमोजे घालून तोडणीला उतरतात, कारण भेंडीची लव हाताला खाजते. सरळ, कोवळी, बोटाएवढी भेंडी वेगळी काढायची, वाकडी आणि जून बाजूला टाकायची, आणि निवडलेला माल त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायचा. त्यातली चांगली भेंडी विमानाने आखातात जाते, युरोपात जाते. प्रवासी विमानाच्या पोटात प्रवाशांच्या बॅगांच्या शेजारीच हा माल भरला जातो. आता सांगा, एक किलो वजन दोन तास हवेतून न्यायला खरोखरच सहाशे रुपये लागत असते, तर शेतावर किलोला थोडक्या रुपयांना विकली जाणारी भाजी समुद्रापलीकडे नेणं कुठल्या व्यापाऱ्याला परवडलं असतं? परवडतं, कारण मालवाहतुकीचा दर वजनाच्या खर्चावर ठरतो. भेंडीचा व्यापारी चार कंपन्यांचे भाव विचारतो आणि पटलं नाही तर माल दुसरीकडे वळवतो. माझ्या आत्याच्या चार किलोंचा दर मात्र तिला दुसरीकडे जाता येत नाही, यावर ठरतो. विमान सुटायला तास-दीड तास उरला आहे, पैसे परत न मिळणारं तिकीट हातात आहे, घरचं माणूस काचेबाहेर आहे. त्या क्षणी तिला काहीही दर सांगता येतो, म्हणून सांगितला जातो.

इंधनाचं कारण किती टिकाऊ असतं, याचा दाखला अमेरिकेने देऊन ठेवला आहे. २००८ साली तेलाचा भाव भडकला, पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेला. त्या उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि पाठोपाठ बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तेच केलं. कारण सांगितलं इंधनाचं. त्याच वर्षाच्या अखेरीस तेल चाळीस डॉलरच्या आसपास उतरलं. बॅगेचं शुल्क उतरलं नाही, ते वाढत गेलं. २०२३ या एका वर्षात अमेरिकी कंपन्यांनी केवळ बॅगांच्या शुल्कातून सात अब्ज डॉलरहून जास्त गोळा केले. बॅगा फुकट नेण्यावर वर्षानुवर्षं आपलं नाव चालवणाऱ्या साउथवेस्टनेही मे २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. अडचणीच्या दिवसांत म्हणून लावलेला आकार अडचण सरल्यावर काढला जात नाही, हे आपल्याकडच्या टोल भरणाऱ्यांना वेगळं शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे हे कसं झालं, तेही क्रमाने सांगायला हवं, कारण 'नियम पहिल्यापासून असेच आहेत' असं ठोकून दिलं जातं. एअर इंडिया सरकारी होती, तेव्हा साध्या वर्गातल्या प्रवाशालाही पंचवीस किलोपर्यंत सामान नेता येत असे. खासगी कंपन्यांनी पंधरा किलोवर आणून ठेवलं आणि वरच्या प्रत्येक किलोला तीनशेच्या आसपास घेऊ लागल्या. तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१६ मध्ये डीजीसीएने आदेश काढला, की पंधरा ते वीस किलोंच्या दरम्यानच्या सामानाला किलोमागे शंभर रुपयांहून जास्त घेऊ नयेत. नेमकी हीच मधली पट्टी आमच्या माणसांची. पिशवी वीसच्या वर जात नाही आणि पंधरात मावत नाही. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. दर ठरवण्याचा अधिकार कंपन्यांचा आहे, डीजीसीएला असा भाव बांधून देता येत नाही, असं न्यायालयाने धरलं. शंभराची मर्यादा गेली आणि दर पुन्हा चढले. वर्षभरात, ऑगस्ट २०१८ मध्ये, देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, आगाऊ घेतलेल्या जादा पाच किलोंचा दर १९०० रुपयांवर नेला आणि काउंटरवर किलोला ४०० लावले. एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर तिथलंही उरलंसुरलं औदार्य संपलं. मे २०२४ पासून सर्वांत स्वस्त तिकिटावरचं फुकट सामान वीस किलोंवरून पंधरावर आलं. एवढ्या वेळा वजन कमी झालं. त्या त्या वेळी तिकीट तेवढ्याने स्वस्त झालं, असं कुठल्या प्रवाशाला जाणवलं?

इथे स्पर्धेचं उत्तर मिळतं. एका कंपनीचं पटत नसेल तर दुसरीकडे जा, बाजार आपोआप दर खाली आणेल. कुठल्या दुसरीकडे? देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून जास्त एकट्या इंडिगोने जातात. त्यात एअर इंडियाचा समूह मिळवला तर दहातले नऊ या दोन घरांतच संपतात. दोन्हीकडे पंधरा किलो, दोन्हीकडे काउंटरवर जवळजवळ तोच दर. भाजी मंडईतल्या सगळ्या गाळ्यांवर एकच भाव लागला तर त्याला आपण स्पर्धा म्हणत नाही.

आणि सरकारला यात हात घालता येत नाही, हे तर आता कुणी बोलूच नये. २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ अशी सव्वादोन वर्षं सरकारने देशांतर्गत तिकिटांचे किमान आणि कमाल दर बांधून दिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं शेकड्यांनी रद्द झाली, बाकीच्यांनी भाडी आभाळाला भिडवली, तेव्हा सरकारने दोन-चार दिवसांत मर्यादा घातली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा हजार, असे आकडे जाहीर झाले. तिकिटाचा भाव बांधता येतो, तर पिशवीचा का येत नाही? विमान नियम १९३७ मधला नियम १३५ कंपन्यांना दर ठरवू देतो, पण तोच नियम अवाजवी दर आणि मोजक्या कंपन्यांनी मिळून चालवलेली मनमानी दिसली तर डीजीसीएला दखल घ्यायलाही सांगतो. २०१७ च्या निकालाने सरसकट भाव बांधण्याला हरकत घेतली. म्हणून अवाजवी दराची चौकशीच करायची नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

"नियम तिकिटावर लिहिलेला असतो, वाचायला काय होतं?" हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचतं. आमच्याकडे तिकीट कसं निघतं ते पाहा. कुणी मोबाइलवर स्वतः काढत नाही. मुलगा बेंगळुरूहून काढतो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतो, किंवा नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतात. तो सर्वांत स्वस्त दिसेल ते काढतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. त्या स्वस्त तिकिटात सामान धरलेलंच नसेल, तर ते इंग्रजीत, बारीक अक्षरात, तिसऱ्या पानावर असतं. काही कंपन्या पंधरा किलो देतात, पण एकाच नगात. दोन नग झाले, की दोन्ही मिळून बारा किलो भरले तरी दुसऱ्या नगाचे पैसे वेगळे. आमची माणसं चाकांची मोठी बॅग विकत घेत नाहीत. एक रेक्झिनची पिशवी आणि एक पुठ्ठ्याचा बॉक्स, हीच त्यांची तयारी. आगाऊ पैसे भरले तर दर कमी पडतो, हेही खरं. पण आगाऊ भरायला वजन आगाऊ कळायला हवं, आणि ज्याच्याकडे काटा नाही, अॅप नाही, कार्ड नाही, तोच शेवटी काउंटरवर चढ्या दराला गाठला जातो. माहिती असलेल्याला स्वस्त आणि नसलेल्याला महाग, अशी ही रचना आहे. चार किलो उचलायला लागणारी मेहनत आणि इंधन मात्र दोघांचं सारखंच.

विमान ही चैन आहे, परवडत नसेल तर रेल्वेने जा, असंही सांगणारे आहेत. कल्याणहून बेंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस जवळजवळ सबंध दिवस-रात्र घेते. गुडघे गेलेल्या बाईने, बाळंतपणाची तारीख तोंडावर असताना, वेटिंगच्या तिकिटावर ती गाडी धरावी का? आणि चैनीची भाषा आता सरकारच्या तोंडीही शोभत नाही. २०१७ साली उडान योजनेतलं पहिलं विमान सोडताना पंतप्रधानांनी हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, असं स्वप्न देशापुढे ठेवलं होतं. ते चांगलं स्वप्न आहे आणि मला ते मनापासून मान्य आहे. पण हवाई चप्पल घालणारा माणूस हात हलवत प्रवास करत नाही. तो वर्षातून एकदा जातो आणि जाताना घर घेऊन जातो. महिन्यातून चारदा जाणारा साहेब एका शर्टावर जातो, त्याचे कपडे दोन्हीकडे असतात. वजनावरचा हा दंड पहिल्यावर पडतो, दुसऱ्यावर कधीच पडत नाही.

रेल्वेचं नाव काढलंच आहे म्हणून तिथला नियमही सांगतो. साध्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येतं, स्लीपरला ४०. त्याच्या वर गेलं तर मर्यादेपर्यंत नोंदवून दीडपट दराने पैसे भरायचे. डिसेंबर २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी हेच लोकसभेत सांगितलं. एसटीतही जास्तीच्या सामानाला कंडक्टर तिकीट फाडतो. कुणी त्याच्याशी भांडत नाही, कारण तो दर आज, उद्या आणि यात्रेच्या दिवशीही तोच असतो, आणि तो भाड्याशी ताळमेळ राखून असतो. म्हसाच्या यात्रेहून घोंगड्या आणि टोपल्या घेऊन येणाऱ्या बाईकडे कंडक्टरने तिच्या स्वतःच्या भाड्याइतकेच पैसे टोपलीचे मागितले, तर अख्खी गाडी उठून उभी राहील. जास्त सामानाला पैसे द्यायला आमच्या माणसाची कधीच ना नव्हती.

विमान कंपन्यांचा धंदा सोपा नाही, हेही मी मानतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. हजारो कामगार रस्त्यावर आले, त्यांत ठाणे जिल्ह्यातले किती होते हे आम्ही पाहिलं आहे. पण त्या कंपन्या लोकांच्या पिशव्या फुकट नेऊन बुडाल्या नाहीत. कर्ज, नादुरुस्त इंजिनं आणि चुकलेला कारभार यांनी बुडाल्या. आणि जी कंपनी देशातले सर्वाधिक प्रवासी नेते, तिने २०२४-२५ या वर्षात सात हजार कोटींहून जास्त निव्वळ नफा मिळवला. कंपनी नफ्यात असावी, त्यात आनंदच आहे. त्या नफ्यासाठी काउंटरसमोर जमिनीवर बसून पिशवी सोडणाऱ्या बाईची गरज पडू नये.

युरोपात हा प्रश्न न्यायालयांनी आणि सरकारांनी धसाला लावला. २०१४ साली युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं, की वाजवी वजनाचं आणि आकाराचं हातसामान हा प्रवासाचा अविभाज्य भाग आहे, त्याला वेगळा आकार लावता येणार नाही. मोठ्या बॅगांचे पैसे घ्यायला त्याच निकालाने मुभा दिली, हेही सांगितलं पाहिजे. कंपन्या हातसामानाचे पैसे घेतच राहिल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने पाच स्वस्त कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्यावर वाद चालू आहेत आणि चालू राहतील. पण तिथल्या सरकारने प्रवाशाच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं.

आपल्याकडे एस. लक्ष्मीनारायणन या सामाजिक कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आहे. मनमानी भाडी आणि वरचे आकार हा तिचा विषय आहे, आणि फुकट सामान पंचवीस किलोंवरून पंधरावर आणल्याची तक्रारही तिच्यात आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने केंद्र सरकार, डीजीसीए आणि विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण यांना नोटीस काढली. सरकारला तिथे उत्तर द्यावं लागणार आहे. ते उत्तर देताना पुढच्या गोष्टी करायला त्याला कुणी अडवलेलं नाही. पंधरा ते वीस किलोंच्या पट्टीत जादा किलोचा दर त्या तिकिटाच्या मूळ भाड्याशी बांधून टाकावा; भाड्याचा अर्धा टक्का घ्या, एक टक्का घ्या, पण प्रमाण ठरवा. आगाऊ आणि काउंटरवर एकच दर ठेवावा. वजन पंधराच्या आत असेल तर नग एक आहे की दोन, हे विचारू नये. तिकिटावर सामानाची ओळ प्रवाशाच्या भाषेत, भाड्याच्या आकड्याएवढ्या मोठ्या अक्षरात छापावी. आणि विमानतळाच्या दाराबाहेर, जिथपर्यंत घरची माणसं येऊ शकतात तिथे, एक वजनकाटा ठेवावा. या शेवटच्या गोष्टीला तर फार खर्चही नाही.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. आमच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारावा : गेल्या पाच वर्षांत देशांतर्गत प्रवाशांकडून जादा सामानापोटी किती किलोंचे किती रुपये घेतले, त्यांतले काउंटरवर किती आणि आगाऊ किती, आणि तेवढं वजन नेण्यासाठी कंपन्यांना प्रत्यक्ष खर्च किती आला.